वेबच्या कामात अजून स्कोप आहे का? येडशीतून घेतलेला आढावा

सोलापूर-धुळे महामार्गाने जाणाऱ्याला येडशी माहीत असते ती फाट्याचं गाव म्हणून. बार्शी-लातूर रस्ता इथे महामार्गाला भेटतो, रामलिंगाला जाणारे इथूनच आत वळतात, आणि महामार्ग चौपदरी झाला तेव्हा त्याच्या दोन टप्प्यांना नावंही याच गावावरून मिळाली : सोलापूर-येडशी आणि येडशी-औरंगाबाद. रेल्वे तर फार आधीपासून होती. आता मोबाइलचं नेटवर्कही बऱ्यापैकी आहे. त्यामुळे फाट्यावर चहाला थांबलं की बारावी झालेला किंवा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असलेला एखादा मुलगा हमखास विचारतो, "दादा, वेब डेव्हलपमेंटमध्ये अजून स्कोप आहे का?"

गेली वीस वर्षं मी वेबसाइट बनवून पोट भरतो. त्यामुळे हा प्रश्न मला हसण्यावारी नेता येत नाही. त्यातला ‘अजून’ हा शब्द नवा आहे. पाच-सात वर्षांपूर्वी पोरं नुसतं ‘स्कोप आहे का’ एवढंच विचारायची आणि उत्तर ऐकायच्या आधीच पुण्याची बॅग भरायची. आता त्यांच्या आवाजात भीती असते. वर्गातला कुणी वर्षभर पुण्यात कॉटवर राहून परत आलेला असतो, कुणाचं ऑफर लेटर येऊनही जॉइनिंग झालेलं नसतं.

माझं उत्तर आधीच सांगतो. काम आहे, आणि भरपूर आहे. पण ज्या पायरीवर पाय ठेवून आम्ही या धंद्यात चढलो, ती पहिली पायरी निखळली आहे. साधं पान बनवून देण्याचे पैसे मिळण्याचे दिवस संपत आले. पान चालतं ठेवण्याची, ते कुणाला वाचता येतं आणि कुणाला येत नाही याची जबाबदारी घेणारा माणूस मात्र आजही शोधून सापडत नाही.

हे समजायचं तर थोडं मागे जावं लागेल. टिम बर्नर्स-ली यांनी पहिली वेबसाइट सुरू केली १९९१ मध्ये, जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. त्याच वर्षी ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत जावास्क्रिप्टची पहिली आवृत्ती उभी केली आणि रासमस लेरडॉर्फ यांनी पीएचपी लोकांपुढे ठेवली. ‘मायबोली’ हे मराठी संकेतस्थळ १९९६ चं. म्हणजे मराठी माणूस वेबवर पोचला तो जवळजवळ सुरुवातीलाच, पण त्याची अक्षरं पोचायला वेळ लागला. तेव्हा प्रत्येक मराठी साइटचा फाँट वेगळा असायचा. तो उतरवून घेतला नाही तर पानावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा भुगा दिसायचा. युनिकोड रुळला तेव्हा कुठे ही कटकट सुटली. विंडोजबरोबर येणाऱ्या ‘मंगल’ फाँटने घराघरांतल्या संगणकांवर देवनागरी दिसू लागली. तो फाँट घडवणारे र. कृ. जोशी हे मुंबईतले सुलेखनकार आणि कवी. मराठीत वेबचं काम करणाऱ्या प्रत्येकाला हे नाव माहीत असायला हवं.

त्या काळात एकच माणूस सगळं करायचा. त्याला ‘वेबमास्टर’ म्हणत. चित्र तोच कापायचा, कोड तोच लिहायचा, सर्व्हरवर फाइल चढवायची तीही त्यानेच. पुढे काम फुटत गेलं. २००३ मध्ये वर्डप्रेस आलं आणि कोड न येणाराही साइट उभी करू लागला. आज जगातल्या शंभरातल्या चाळीसहून अधिक साइटी त्यावर चालतात. २०१० मध्ये इथन मार्कोट यांनी एकच पान मोठ्या पडद्यावर आणि मोबाइलवर नीट मांडण्याची पद्धत लिहून काढली. २०१३ मध्ये फेसबुकने रिअॅक्ट हे पानं बांधायचं साधन खुलं केलं आणि नोकरीच्या जाहिरातींत फ्रंटएंड, बॅकएंड, फुलस्टॅक, यूआय-यूएक्स असे कप्पे पडले. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि येडशीतला माणूस कधी संगणक न बघता थेट मोबाइलवरून वेबवर आला. माझ्या मते आपल्याकडच्या वेबच्या इतिहासातली सगळ्यात मोठी घटना ही शेवटचीच. वापरणारा बदलला, पण पानं बनवणारे कितीतरी वर्षं जुन्याच वापरणाऱ्यासाठी बनवत राहिले.

या भागातल्या लोकांना हा बदल समजावून सांगायला फार लांबचं उदाहरण लागत नाही. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये बार्शी-कुर्डुवाडी अशी सुरू झाली, अडीच फूट रुंदीच्या रुळांवर. पुढे ती लातूरला पोचली, तिकडे पंढरपूर-मिरजेला गेली. शंभर वर्षं जिल्ह्याने या छोट्या गाडीने प्रवास केला. मग गेज बदललं. इंजिनं, डबे, रूळ सगळं मोडीत निघालं. पण बार्शीच्या बाजाराला जाणारा माणूस तोच राहिला आणि गाडी वेळेवर सोडायचं कामही तेच राहिलं. वेबमध्ये हे गेज दर पाच-सात वर्षांनी बदलतं. एकेकाळी पानावर हलती चित्रं दाखवणारं फ्लॅश येणाऱ्याला मान होता. २०२० च्या डिसेंबरात अडोबीने ते कायमचं बंद केलं. ज्याला फक्त फ्लॅशच येत होतं त्याचे हाल झाले. ज्याला ब्राउझर पान कसं रंगवतो, सर्व्हर उत्तर कसं देतो हे कळत होतं, तो वर्षभरात दुसऱ्या गाडीत बसला. म्हणून पोरांना मी पहिल्यांदा एचटीएमएल, सीएसएस आणि साधी जावास्क्रिप्ट पक्की करायला सांगतो. त्यांना ते कमीपणाचं वाटतं. क्लासवाल्याने तीन महिन्यांत फुलस्टॅक करून द्यायचं कबूल केलेलं असतं.

क्लासचा विषय निघालाच आहे तर तोही बोलून टाकू, कारण इथल्या घरांतले पैसे सगळ्यात जास्त इथेच बुडतात. धाराशिव जिल्ह्यातल्या मुलाचा नेहमीचा रस्ता असा : तुळजापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून किंवा धाराशिवच्या तेरणातून पदवी, नाहीतर बीसीए किंवा बीएस्सी संगणकशास्त्र, आणि मग पुणे. पुण्यात डेक्कन, कर्वेनगर, कोथरूड इथल्या क्लासना तीस-चाळीस हजारांपासून पुढे फी. सोबत राहणं-खाणं. घरून सोयाबीनचे पैसे येतात तोवर चालतं. यातले काही क्लास प्रामाणिक आहेत. सीडॅकचा सहा महिन्यांचा प्रगत संगणनाचा डिप्लोमा प्रवेश परीक्षा देऊन मिळतो, तो कस काढतो आणि त्याची पत अजून टिकून आहे. पण याच गल्ल्यांत ‘एक्सपिरियन्स लावून देतो’ असं सांगणारेही भेटतात. दोन वर्षांचा खोटा अनुभव, खोटी पगारपत्रकं, खोटी कंपनी. आपल्या मुलांना मी हात जोडून सांगतो की या वाटेला जाऊ नका. भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात तुम्ही कुठे, कधीपासून कधीपर्यंत होता याची नोंद असते आणि कंपन्या ती मागतात. नोकरी लागून सहा महिन्यांनी पकडला गेलेला मुलगा मी पाहिला आहे. वडिलांना तोंड द्यावं लागू नये म्हणून तो चार महिने गावाकडे आला नव्हता.

पगाराचं खरं चित्रही घरच्यांना माहीत असावं. मोठ्या कंपन्यांत नवख्याला वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास मिळतात, आणि दहा-बारा वर्षांपूर्वीही आकडा जवळपास हाच होता. पुण्यातलं खोलीभाडं तेवढंच राहिलेलं नाही. चार-पाच वर्षं टिकून कसब मिळवलेल्याचा पगार मात्र झपाट्याने वाढतो. सगळा प्रश्न ती पहिली दोन वर्षं कशी काढायची हाच आहे.

आणि नेमकी तीच दोन वर्षं एआयच्या यंत्राने खाल्ली. कोड लिहून देणारं गिटहबचं कोपायलट २०२१ मध्ये आलं, चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी. पूर्वी नवख्या मुलाला कंपनीत काय काम मिळायचं? फॉर्म बनव, टेबल बनव, डिझायनरने काढलेलं चित्र कोडमध्ये उतरव, बटणाचा रंग बदल. ही कामं करता करता तो ब्राउझरच्या खोड्या शिकायचा, वरिष्ठाच्या शिव्या खायचा आणि तयार व्हायचा. आज हे सगळं यंत्राला सांगितलं की पाच मिनिटांत समोर येतं. २०२५ च्या जुलैत टीसीएसने सुमारे १२ हजार माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. त्यात मधल्या आणि वरच्या फळीचे लोक जास्त होते आणि कंपनीने त्याचं कारण एआय नव्हे तर कौशल्यांचा मेळ न बसणं असं दिलं. तरी ती बातमी गावागावांतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरली आणि ‘आयटी संपलं’ असा निकाल लागला.

तसं झालेलं नाही. पण ज्या कंपनीला आधी दहा नवखे लागायचे तिला आता तीन पुरतात, आणि त्या तिघांकडून पहिल्या दिवसापासून यंत्राने लिहिलेलं तपासायची अपेक्षा असते. शिकायच्या आधीच परीक्षक व्हायचं, ही आजच्या मुलांची अडचण आहे. ती त्यांनी ओढवून घेतलेली नाही, हे आधी मान्य केलं पाहिजे.

तपासणं म्हणजे काय, हे मला गेल्या दिवाळीत नीट दाखवता आलं. माझ्या चुलतभावाची मुलगी डिप्लोमा करते. भूम तालुक्यात तिच्या मामांची खव्याची भट्टी आहे. तिने एआयकडून त्यांच्यासाठी एका संध्याकाळी साइट करून घेतली होती. लॅपटॉपवर ती खरंच देखणी दिसत होती. मी म्हटलं, आईचा मोबाइल आण. जुना, काचेला तडा गेलेला, साठवण भरत आलेला मोबाइल. पान उघडायला लागलं आणि गोल फिरत राहिलं, कारण वरचं भट्टीचं छायाचित्र एकटंच चार एमबीचं होतं. उघडल्यावर तिचं तिलाच दिसलं. ‘शुद्ध खवा’ या ठळक मथळ्यात प्रत्येक अक्षर सुटं पडलं होतं, शिरोरेषा जागोजागी तुटलेली. इंग्रजी मथळ्याला ऐट यावी म्हणून अक्षरांत अंतर सोडतात. यंत्राने तेच देवनागरीला लावलं होतं. ‘द्ध’चा खालचा भाग ओळीच्या डब्यात कापला गेला होता. खाली ‘सर्व ऋतूंत उपलब्ध’ लिहिलेलं, त्यात ‘र्व’चा रफार वरच्या ओळीला टेकलेला. इंग्रजीच्या मापाने ओळीची उंची ठेवली की आपल्या मात्रा, रफार, उकार जातात कुठे?

तिने तिथेच बसून दुरुस्त केलं. अंतर काढून टाकलं, ओळीची उंची वाढवली, चित्र लहान केलं. मग मी तिला पानाची भाषा मराठी आहे अशी नोंद करायला लावली. ती नोंद नसेल तर काही फाँट ल आणि श हिंदी वळणाचे दाखवतात. राज्य सरकारने २००९ मध्ये शासन निर्णय काढून मराठी वर्णमाला आणि अक्षरांची रूपं ठरवून दिली आहेत, आणि मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींनी केलेला ‘मुक्त’सारखा मोफत फाँट मराठी वळणं पाळतो. जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘पॉपिन्स’ फाँटची देवनागरी निनाद काळे यांनी रेखली आहे. साधनं तयार आहेत आणि फुकट आहेत. ती वापरायला हवीत हे सांगणारं कुणी नाही.

सगळ्यात मोठी गोम पुढे होती. तिने ग्राहकांची यादी केली होती आणि शोधायची सोय ठेवली होती. मी ‘गोऱ्हे’ टाइप केलं. यादीत डोळ्यांना गोऱ्हे दिसत होते, संगणक म्हणत होता सापडत नाही. कारण हे अर्धं र दोन वेगवेगळ्या रीतींनी टाइप होतं. एका कळफलकावर ते खाली टिंब असलेल्या ‘ऱ’पासून बनतं, दुसऱ्यावर साध्या ‘र’च्या पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून. कागदावर फरक शून्य, संगणकाला दोन वेगळे शब्द. ‘अॅप’मधल्या पहिल्या अक्षराचं तेच : कुणी ‘अ’वर चंद्र देतं, कुणी तयार जोडलेलं अक्षर वापरतं, जे युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. आता विचार करा, खव्याच्या यादीत एक ग्राहक सापडला नाही तर फारसं बिघडत नाही. पण हाच दोष रेशनच्या यादीत असेल, अनुदानाच्या यादीत असेल, दवाखान्याच्या नोंदीत असेल तर? कऱ्हाड, बऱ्हाणपूर, गोऱ्हे, बऱ्हाटे अशी नावं किंवा गावं असलेल्या माणसांना ‘तुमचं नाव नाही’ असं सांगून किती वेळा खिडकीवरून परत पाठवलं गेलं असेल, याने माझी झोप उडते. हे काम बंगळुरूच्या इंजिनिअरच्या लक्षातही येणार नाही. येडशीच्या मुलीच्या लक्षात ते एका मिनिटात आलं, कारण तिच्या शेजारीच गोऱ्हे राहतात.

असंच आपल्या जिल्ह्याच्या नावाचं. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. एका शासन निर्णयाने नाव बदलतं. हजारो फॉर्मांमधल्या, यादीतून निवडायच्या पट्ट्यांमधल्या, जुन्या दाखल्यांच्या नोंदींमधल्या नावाला मात्र कुणीतरी बसून हात लावावा लागतो. अजूनही एका फॉर्मात धाराशिव निवडावं लागतं, दुसऱ्यात उस्मानाबाद, आणि दोन्ही कागद जुळत नाहीत म्हणून सेवा केंद्रावर माणूस तासभर उभा राहतो. या दुरुस्तीला झगमगाट नाही. पण वेबच्या कामाचा मोठा भाग यापुढे असाच असणार आहे.

कायद्यानेही काही दारं उघडली आहेत, आणि त्यांची आपल्याकडे पुरेशी चर्चा नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी दिलेल्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला. म्हणजे अंधाला, हात नीट न चालणाऱ्याला, ॲसिडहल्ल्यात चेहरा गेलेल्या माणसाला साइट वापरता आली पाहिजे. युरोपात याच धर्तीचा कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला, त्यामुळे तिकडच्या कंपन्या हे काम करवून घेत आहेत. जगातल्या दहा लाख मुखपृष्ठांची दरवर्षी होणारी ‘वेबएम’ची पाहणी सांगते की शंभरातल्या ९५ च्या आसपास पानांत असे दोष सापडतात. एवढं काम पडून आहे. आपला २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा म्हणतो की माहिती घेताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायचा पर्याय हवा. मराठी त्यात आहे. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर जायला सांगितलं, त्यात सहकारी बँकाही आल्या. धाराशिव, लातूर, सोलापूर, बार्शी इकडच्या सहकारी बँकांचा विचार करा. प्रत्येकीला पत्ता बदलणं, जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवणं, सुरक्षा तपासणं ही कामं करावी लागली, आणि जवळचा, भाषा कळणारा, फोन उचलणारा माणूस त्यांना हवाच असतो.

मग गावात राहून हे जमेल का? नेहमी सांगितलं जातं ते शेजारच्या बीड जिल्ह्यातलं उदाहरण दादासाहेब भगत यांचं. आष्टी तालुक्यातल्या सांगवी पाटणचे. आयटीआय करून इन्फोसिसच्या अतिथिगृहात साधी नोकरी, तिथून ॲनिमेशन आणि डिझाइन शिकणं, मग कोडिंग. कोरोनात गावी परतल्यावर नेटवर्क मिळतं म्हणून डोंगरावर शेड टाकून गावातल्या पोरांना घेऊन काम. पुढे डिझाइनचे तयार नमुने देणारं त्यांचं संकेतस्थळ ‘शार्क टँक इंडिया’पर्यंत पोचलं. मला त्या गोष्टीतला टीव्हीचा भाग फारसा महत्त्वाचा वाटत नाही. त्यांनी गावातल्या मुलांना शिकवून कामाला लावलं, हा भाग मोलाचा आहे. तमिळनाडूत झोहोने २०११ मध्ये तेनकाशीजवळच्या मथलंपराई या खेड्यात कार्यालय काढलं, तिथे कंपनीच गावात गेली. मराठवाड्याला तो आधार मिळालेला नाही. आकांक्षित जिल्ह्यांच्या देशातल्या यादीत धाराशिवचं नाव आहे आणि ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेणारी योजना २०११ पासूनची आहे, पण कामाच्या मधोमध लाइट गेली तर इन्व्हर्टर स्वतःचाच लागतो.

घरबसल्या परदेशी कामं घेण्याबद्दल मोबाइलवर बरंच काही दाखवलं जातं. खरं एवढंच की अशी कामं मिळवून देणारं फायव्हर मिळालेल्या प्रत्येक रकमेतून २० टक्के कापतं, सुरुवातीचे कित्येक महिने एकही काम येत नाही, आणि ‘पाच पानांची साइट’ या प्रकारात आता जगभरचे लोक यंत्राच्या मदतीने भाव पाडून बसलेत. तिथे ज्यांचं चालतं त्यांनी एकच बारीक गोष्ट धरलेली असते : कुणी फक्त संथ साइटी वेगवान करून देतो, कुणी फक्त बिघडलेलं दुकान दुरुस्त करतो.

स्थानिक गिऱ्हाइकाबद्दलही भ्रम नको. फाट्यावरच्या हॉटेलला वेबसाइट लागत नाही. त्याला गूगलच्या नकाशावर योग्य जागी टिंब, खरी वेळ आणि चालू फोन नंबर पुरतो. किराणावाल्याला व्हॉट्सअॅप पुरतं. त्यांच्या गळ्यात साइट मारणं हे मी अप्रामाणिक मानतो. साइट खरी लागते ती शेतकरी उत्पादक कंपनीला, डाळ मिलला, शाळेला, दवाखान्याला, बाहेरगावी माल पाठवणाऱ्या खवा भट्टीला. आणि त्यांना ती बनवून देण्यापेक्षा सांभाळून देण्याचे पैसे मागायला शिकलं पाहिजे. सुरुवातीच्या दिवसांत मी एका संस्थेची साइट हौसेने केली, पैसे घेतले, देखभालीचं काही लिहून घेतलं नाही. दोन वर्षांनी डोमेनचं नूतनीकरण भरायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. हजाराच्या आतली रक्कम. कुणा तिऱ्हाइताने तो पत्ता उचलला आणि जिथे मुलांच्या बक्षीस समारंभाचे फोटो होते तिथे परदेशी जुगाराच्या जाहिराती झळकू लागल्या. संस्थेच्या छापील पत्रकांवर तोच पत्ता होता. ती रक्कम मी खिशातून भरली असती तरी चाललं असतं, असं अजून वाटतं. तेव्हापासून वार्षिक देखभालीचा करार केल्याशिवाय मी काम घेत नाही, आणि माझं निम्म्याहून जास्त उत्पन्न आज त्याच करारांतून येतं.

मुलींसाठी या कामाचं मोल वेगळं आहे. पुण्यात चांगलं कमावणाऱ्या इथल्या कितीतरी मुलींची नोकरी लग्नानंतर किंवा बाळंतपणानंतर सुटते. देखभालीचं, तपासणीचं, मजकूर आणि अक्षरं बघण्याचं काम घरून आणि आठवड्याला ठरलेल्या तासांत करता येतं. घरच्यांनी त्याला ‘मोबाइलवर बसणं’ म्हणू नये, एवढी एक लढाई मात्र तिला आधी जिंकावी लागते.

भट्टीची साइट दुरुस्त झाल्यावर पुतणीने तोच प्रश्न विचारला, "काका, मग मी यात पडू का?" मी तिला एक काम दिलं आहे. येडशीचं एक पान कर, एकच. येडशी स्टेशनवर कोणती गाडी किती वाजता थांबते, रामलिंगाच्या अभयारण्यात जायची वेळ काय, श्रावणी सोमवारी गाड्या कुठे लावायच्या, पावसात धबधब्याकडे उतरायचा रस्ता चालू आहे की बंद. मराठीत. आईच्या मोबाइलवर पटकन उघडलं पाहिजे आणि डोळे मिटून, वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने ऐकलं तर सगळं कळलं पाहिजे. कोड यंत्राकडून लिहून घे, माझी हरकत नाही. पण वर्षभर ते पान खरं ठेवायचं. वेळापत्रक बदललं की त्याच दिवशी पानावर बदललं पाहिजे, आणि त्यासाठी स्टेशनवर जाऊन विचारावं लागेल, रामलिंगाच्या नाक्यावरच्या वनरक्षकाशी ओळख काढावी लागेल.

पहिल्या पंधरवड्यात तिचे तीन फोन आले. पहिला अक्षरांबद्दल होता, दुसरा होस्टिंगबद्दल. तिसऱ्यांदा ती स्टेशनवरून बोलत होती. फलाटावरच्या फळ्यावरची एक वेळ आणि मोबाइलवरची वेळ जुळत नव्हती, आणि खरी कोणती हे बघायला ती गाडी येईपर्यंत तिथेच थांबली होती.